आधी वाळवंट, मग बर्फ : निघण्याची तारीख कशी ठरवावी?

प्रश्न : माझी मुलगी आणि मी पुढच्या वर्षी अमेरिकेतील पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल दक्षिणेकडून उत्तरेकडे सलग चालण्याचे ठरवत आहोत. आठ-दहा दिवसांच्या पदभ्रमणाचा आम्हा दोघांनाही अनुभव आहे. मार्चच्या मध्याला निघून कडक उन्हाळ्याआधी वाळवंट उरकावे, म्हणजे पुढच्या पर्वतांसाठी हाताशी वेळ राहील, असा आमचा विचार आहे. तो योग्य आहे का? आणि वाळवंटात पाणी किती न्यावे?

उत्तर : आपण उन्हाचा विचार केला आहे, बर्फाचा केलेला दिसत नाही. मेक्सिकोच्या सीमेवरील कॅम्पोपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणाऱ्या या सुमारे 4,265 किलोमीटरच्या वाटेवर पहिले 1,127 किलोमीटर, म्हणजे केनेडी मेडोज या छोट्या वस्तीपर्यंतचा टप्पा, वाळवंटाचा समजला जातो. त्यानंतर लगेच सिएरा नेवाडा या पर्वतरांगेची उंची सुरू होते आणि पुढे 4,009 मीटरवरची फॉरेस्टर खिंड, म्हणजे या वाटेवरचे सर्वांत उंच ठिकाण, ओलांडावी लागते. दिवसाला सरासरी 25 किलोमीटर चाललात तर वाळवंटाला साधारण 45 दिवस लागतील. याचा अर्थ मार्चच्या मध्याला निघालेला माणूस मेच्या आरंभी, खिंडी बर्फाने भरलेल्या असताना, सिएराच्या पायथ्याशी येऊन थांबतो, आणि वाचवलेला वेळ तिथेच खर्ची पडतो. याउलट मेच्या अखेरीस निघालात तर वाळवंटातले झरे आटलेले असतील आणि शेवटी वॉशिंग्टन राज्यात शरद ऋतूतला बर्फ गाठेल. एप्रिलचा मध्य ते मेचा पहिला आठवडा हा काळ बहुतेकांना मानवतो, तो याच दुहेरी कोंडीमुळे.

लवकर निघण्यात आणखी एक धोका आहे. या टप्प्याला वाळवंट म्हणायची पद्धत असली तरी सपाट वाळूची कल्पना मनातून काढून टाकावी. सॅन हासिंटो पर्वतावर ही वाट सुमारे 2,700 मीटरपर्यंत चढते आणि तिथून उतरत उतरत जवळपास 400 मीटरवरच्या तापलेल्या सॅन गोर्गोनिओ खिंडीत येते. वसंताच्या सुरुवातीला वरच्या उतारांवर गोठलेला, निसरडा बर्फ असू शकतो आणि तिथून घसरलेल्या माणसाला सावरायला जागा नसते. केवळ वाळवंट म्हणून बुटांना लावायचे काटे मागे ठेवून येणारे लोक इथे अडकतात.

आता पाणी. एका लिटरचे वजन एक किलो, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण पाच-सहा लिटर पाणी सॅकमध्ये भरून चढ चढताना ते नव्याने कळते. साधारण आठ किलोमीटरला एक लिटर हा प्रचलित अंदाज आहे. ऊन जास्त असेल तर तो वाढवावा, आणि पाण्याविना मुक्काम करायचा असेल तर स्वयंपाकासाठी व रात्रीसाठी दोन लिटर वेगळे धरावेत. म्हणून ‘रोज किती’ असे न विचारता ‘पुढचे खात्रीचे पाणी किती अंतरावर’ असे विचारायची सवय लावावी. वाळवंटी टप्प्यातील सिझर्स क्रॉसिंग या रस्त्यांच्या चौकानंतर सॅन फेलिपे टेकड्यांत जवळजवळ 38 किलोमीटर नैसर्गिक पाणी नाही. तिथे स्वयंसेवक कधी कधी पाण्याचा साठा ठेवतात. तो मिळाला तर आभार मानून घोटभर घ्यावा, पण त्याच्या भरवशावर बाटल्या रिकाम्या ठेवून निघू नये. मोहावी वाळवंटाच्या कडेला तर गंमतच आहे : 1913 साली सुरू झालेल्या लॉस एंजेलिसच्या जलवाहिनीवरून आपण मैलोनमैल चालतो, पायाखालून एका महानगराचे पाणी वाहत असते आणि आपला घसा कोरडा असतो. हा सावलीविना पट्टा बरेच जण रात्री चालून काढतात. आपणही तसेच करावे. एरवीही पहाटे निघून दुपारचे चार तास झाडाखाली काढणे शहाणपणाचे.

आणि वाळवंट संपले म्हणून जास्तीच्या बाटल्या टाकून देऊ नका. उत्तर कॅलिफोर्नियातील हॅट क्रीक रिमवर, पर्वत ओलांडून झाल्यावर, सुमारे 48 किलोमीटरचा कोरडा टप्पा पुन्हा वाट पाहत असतो.

सिएरात हिशेब उलटतो. तिथे पाणी मुबलक, किंबहुना नको इतके असते. जूनमध्ये वितळणाऱ्या बर्फाने फुगलेले ओढे माझ्या मते खिंडींपेक्षा जास्त घातक आहेत. रात्रीच्या गारठ्याने वितळणे मंदावते, म्हणून असा ओढा सकाळी लवकर ओलांडावा. संध्याकाळी तिथे पोहोचलात तर ओढ्याच्या अलीकडच्या काठावरच मुक्काम करावा. ओझे वाढते ते अन्नाचे. केनेडी मेडोजपासून योसेमिटीतील टुओलमीपर्यंत सुमारे 385 किलोमीटरमध्ये ही वाट एकही डांबरी रस्ता ओलांडत नाही, त्यामुळे शिधा भरायला बहुतेकांना कीअरसार्ज खिंडीतून खाली उतरून पुन्हा वर यावे लागते. शिवाय काही भागांत अस्वलांपासून अन्न राखणारा, किलोभर वजनाचा टणक डबा सक्तीचा आहे. हा डबा आणि बर्फाची कुऱ्हाड सुरुवातीपासून वाहू नये. ती केनेडी मेडोजला पोहोचतील अशी व्यवस्था करावी.

प्रश्न : परवाने कोणते लागतात? शेवटी कॅनडात उतरता येते का?

उत्तर : सलग 500 मैल, म्हणजे सुमारे 805 किलोमीटर किंवा अधिक चालणाऱ्यांसाठी एकच लांब पल्ल्याचा परवाना असतो आणि तो विनामूल्य मिळतो. मात्र मार्च ते मे या काळात दक्षिण टोकावरून दिवसाला 50 जणांनाच निघता येते, त्यामुळे वर सुचवलेल्या तारखांना मागणी फार असते. कॅलिफोर्नियात स्टोव्हसाठीही वेगळा, विनामूल्य परवाना लागतो. पर्यटक व्हिसावर साधारणपणे सहा महिने राहू देतात, पण नेमकी मुदत विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ती पाच महिन्यांच्या चालीला पुरेल, हे पाहूनच परतीचे तिकीट काढावे.

कॅनडाने या वाटेवरून प्रवेशाची परवानगी देणे 2025 च्या जानेवारीपासून बंद केले आहे. सीमेवरच्या स्तंभाला हात लावून सुमारे 48 किलोमीटर मागे, हार्ट्स खिंडीपर्यंत, परत यावे लागते. त्यासाठी दोन दिवसांचे अन्न शिल्लक ठेवा.