'मेन' बुडाली म्हणून अमेरिका बदलली?

प्रश्न : मी नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करतो. जगाच्या इतिहासाच्या नोट्समध्ये एक ओळ आहे : 'मेन ही युद्धनौका स्फोटात बुडाली आणि अमेरिकेने अलिप्तता सोडून साम्राज्यवाद स्वीकारला.' शंभर वर्षं आपल्या खंडात राहिलेला देश एका स्फोटाने असा बाहेर पडेल, हे मला पटत नाही. मित्र म्हणतात, स्पेनने आगळीक केली म्हणून युद्ध झालं. खरं काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पटत नाही हे चांगलंच आहे.

आधी स्फोटाचं बघू, कारण तो विषय माझ्या धंद्यातला. नेरूळला येऊन स्थिरावण्याआधी माझी सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री स्पेनच्या ताब्यातल्या क्युबात, हवानाच्या बंदरात, अमेरिकेची 'मेन' फुटली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. अमेरिकी नौदलाच्या चौकशी मंडळाने बाहेरून सुरुंग लागल्याचा निष्कर्ष काढला, मात्र तो कोणी लावला हे सांगितलं नाही. ते काम न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी स्पेनवर ठपका ठेवून परस्पर उरकलं. पुढे १९७६ मध्ये अणुपाणबुड्यांचे जनक ॲडमिरल रिकोव्हर यांनी तज्ज्ञांकडून सगळे कागद पुन्हा तपासून घेतले. त्यांचं म्हणणं असं, की स्फोट आतूनच झाला. बहुधा कोळशाच्या बंकरमध्ये आपोआप आग धुमसली आणि तिची धग पलीकडच्या दारूगोळ्याच्या कोठाराला लागली.

कोळसा आपोआप पेटतो, हे जमिनीवरच्या माणसाला खोटं वाटतं. आम्ही इंडोनेशियाहून कोळसा आणायचो तेव्हा चीफ ऑफिसर प्रत्येक होल्डच्या, म्हणजे मालाच्या कोठाराच्या, झाकणावरच्या बारीक नळीला मीटर लावून कार्बन मोनॉक्साइड मोजायचा. आकडा चढायला लागला की जेवणाच्या टेबलावर कोणी फारसं बोलत नसे. अशा वेळी झाकण उघडून बघायचा मोह आवरायचा, हवेच्या वाटा बंद करायच्या आणि बंदर गाठायचं. 'मेन'वर बंकर आणि बारूद यांच्यामध्ये जेमतेम एक पोलादी भिंत होती. सुरुंगाची बाजू मांडणारे तज्ज्ञ आजही आहेत, पण माझं मत कोळशाकडे झुकतं.

आता धोरणाकडे वळू. तिथेही कोळसाच भेटतो.

वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या संदेशात युरोपच्या राजकारणात अडकू नका, असं बजावलं होतं. व्यापार करू नका किंवा जमीन घेऊ नका, असं काही ते म्हणाले नव्हते. १८४६ ते १८४८ च्या युद्धात मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख गिळला, तो याच 'अलिप्त' काळात. शिडाच्या जहाजांना वारा पुरायचा. वाफेची जहाजं आली आणि सगळा हिशेब फिरला. ठाण्याहून गोव्याला निघालेल्या गाडीला वाटेत पंप लागतो, तसा वाफेच्या जहाजाला वाटेत कोळसा लागतो; आणि पॅसिफिकमध्ये पंप टाकायचा तर बेटच हवं. अमेरिकी नौदलाचा कमोडोर पेरी १८५३ मध्ये जपानच्या दारात उभा राहिला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या पत्रात मैत्री आणि व्यापाराबरोबर कोळशाचीही मागणी होती. १८५६ मध्ये तर कायदाच केला : पक्ष्यांच्या विष्ठेचं खत असलेलं बेवारस बेट कोणा अमेरिकी नागरिकाला सापडलं, तर सरकार त्यावर हक्क सांगू शकेल. १८६७ मध्ये अलास्का विकत घेतलं आणि मिडवेवर झेंडा लावला. १८७८ मध्ये सामोआतल्या पागो पागोला कोळशाचं ठाणं करायची मुभा मिळवली. १८८७ मध्ये हवाईच्या राजाकडून पर्ल हार्बर वापरायचा एकट्याचा हक्क घेतला. हे सगळं 'मेन' फुटायच्या आधीचं.

हवाईत कोळशाच्या जोडीला साखर होती. १८९३ मध्ये ऊसमळेवाल्या गोऱ्यांच्या गटाने राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं, आणि त्या वेळी 'बोस्टन' या युद्धनौकेवरचे नौसैनिक होनोलुलूत उतरलेले होते. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांना हा प्रकार रुचला नाही, त्यांनी विलीनीकरणाचा करार मागे घेतला. तेच हवाई जुलै १८९८ मध्ये, युद्ध चालू असताना, विलीन झालं. म्हणजे स्फोटाचा उपयोग झाला, पण ताटकळलेली कामं मार्गी लावायला.

स्पेनशी युद्ध होतं क्युबासाठी, पण पहिली मोठी लढाई १ मे रोजी स्पेनच्याच ताब्यातल्या फिलिपिन्समध्ये, मनिलाच्या उपसागरात झाली. अमेरिकेचा कमोडोर ड्यूई ब्रिटिशांच्या हाँगकाँगला होता. ब्रिटन तटस्थ, त्यामुळे त्याला बंदर सोडावं लागलं. युद्ध लागलं की कोळसा मिळणार नाही हे ओळखून त्याने आधीच 'नानशान' हे कोळशाचं जहाज मालासकट विकत घेतलं होतं. पॅसिफिकमधल्या स्पेनच्या ग्वाम बेटाची कथा तर फार्सच आहे. जूनमध्ये अमेरिकेच्या 'चार्ल्सटन' या युद्धनौकेने तिथल्या किल्ल्यावर तोफा डागल्या. स्पॅनिश अधिकारी होडीतून आले आणि सलामीला उत्तर द्यायला आमच्याकडे बारूद नाही म्हणून दिलगिरी व्यक्त करू लागले! युद्ध लागल्याची बातमीच त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

फिलिपिन्सबद्दल मात्र हसण्यासारखं काही नाही. स्पेनला दोन कोटी डॉलर देऊन अमेरिकेने तो देश घेतला. आगिनाल्दोच्या नेतृत्वाखाली स्पेनशी लढलेल्या फिलिपिनो लोकांना कोणी विचारलं नाही. फेब्रुवारी १८९९ मध्ये तेच लोक अमेरिकेविरुद्ध उभे राहिले. चार हजारांवर अमेरिकी आणि वीस हजारांवर फिलिपिनो सैनिक मेले. लढाई, उपासमार आणि रोगराईत गेलेल्या सामान्य माणसांचा अंदाज दोन लाखांपर्यंत जातो. नोट्समध्ये 'मेन'ला एक ओळ मिळते, मग याला का नाही?

हे सगळं अटळ होतं असंही समजू नका. मार्क ट्वेन आणि पोलादसम्राट कार्नेगी यांच्यासारखे लोक उघड विरोधात होते. सिनेटमध्ये स्पेनशी झालेला शांतता करार ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला, म्हणजे दोन तृतीयांशाला लागत होतं त्यापेक्षा एकच मत जास्त.

परीक्षेत प्रश्न आला तर १८९८ च्या आधी १८६७, १८७८ आणि १८८७ ही सालं लिहा, आणि नंतर १९०३. त्या वर्षी पनामा कालव्याची पट्टी हातात आली आणि क्युबाकडून ग्वांतानामो भाड्याने घेतलं. त्या करारात हेतू लिहिलाय तो कोळशाच्या आणि नौदलाच्या ठाण्याचा, भाडं वर्षाला दोन हजार सोन्याचे डॉलर. पुढे भाडं वाढवून चार हजार पंच्याऐंशी डॉलर केलं. कॅस्ट्रोच्या सरकारने सुरुवातीचा एक धनादेश वटवला, पुढचे वटवायचं नाकारलं. तळ अजून अमेरिकेकडेच आहे.