आईला दमा, वडिलांना ॲलर्जी. बाळाला त्रास होऊ नये म्हणून आधीपासून काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्नीला लहानपणापासून दमा, सध्या सहावा महिना. तुम्हाला धुळीची ॲलर्जी, सकाळी उठलं की शिंकांचा सपाटा. सिगारेट ओढता, पण 'फक्त गॅलरीत'. घर वारज्यात, हायवेला लागून. बाळंतपण वाईजवळच्या माहेरी. घरच्यांनी शेंगदाणे आणि अंडी बंद करायला सांगितलीत, आणि कुणीतरी पत्नीचा दम्याचा पंपही. आमचं दुखणं बाळाला लागू नये म्हणून आत्तापासून काय करू, घर बदलू का?

मी पुण्यात लहान मुलांचा डॉक्टर आहे. तुमच्या पत्नीला तपासलेलं नाही, त्यामुळे औषधांचे डोस इथे सांगणार नाही. बाकी सांगतो, पण तुम्ही विचारलंत त्या क्रमाने नाही.

आधी पंप. तो बंद करण्याचा सल्ला ज्याने दिला त्याला नमस्कार करा आणि पंप चालू ठेवा. गरोदरपणात दमा असलेल्या साधारण एक तृतीयांश बायकांचा त्रास वाढतो, तेवढ्याच बायकांचा कमी होतो, उरलेल्यांचा आहे तसाच राहतो. आपण कुठल्या गटात जाणार हे आधी कळत नाही. दम्याचा झटका आला की आईच्या रक्तातला ऑक्सिजन घटतो आणि बाळाचा पुरवठाही त्यातूनच होतो. आटोक्यात नसलेल्या दम्यामुळे मूल दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते, आणि वेळेआधी जन्मलेल्या मुलांची छाती पुढे वरचेवर वाजते. म्हणजे बाळाच्या भल्यासाठी म्हणून पंप बंद करायचा आणि ते बाळालाच भोवायचं. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट छातीत जातं. ब्युडेसोनाइडसारखी औषधं गरोदर बायकांमध्ये वर्षानुवर्षं वापरली गेली आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि छातीचे डॉक्टर या दोघांनाही एकमेकांनी लिहून दिलेली औषधं दाखवा.

आनुवंशिकतेचं म्हणाल तर आईला दमा असला की मुलाला होण्याची शक्यता दुपटी-तिपटीने वाढते, वडिलांच्या दम्याने त्याहून थोडी कमी. तरीही अशा घरांतल्या बहुतेक मुलांना दमा होत नाही. यात तुमच्या हातात काही नाही, म्हणून पुढे जाऊ.

हातात आहे तो धूर. श्वासनलिकांच्या सगळ्या फांद्या पोटातच, सोळा-सतरा आठवड्यांपर्यंत फुटून होतात. हवेच्या पिशव्या मात्र बहुतांशी जन्मानंतर, पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात. या काळात फुप्फुसाला धूर मिळाला तर त्याची भरपाई नंतर नीट होत नाही. गॅलरीत ओढलेली सिगारेट कपड्यांवर, बोटांवर, श्वासात घरात येते, आणि गॅलरीचं दार काही हवाबंद नसतं. स्कॉटलंडमध्ये २००६ च्या मार्चमध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी आली. त्याआधी दम्यासाठी मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचं प्रमाण वर्षाला पाच टक्क्यांनी वाढत होतं. बंदीनंतर ते वर्षाला अठरा टक्क्यांनी घटू लागलं. मुलांना कुठलंही नवं औषध दिलेलं नव्हतं. तुमच्या हाताशी तीन महिने आहेत, सोडा. माहेरी किंवा मालिशवाल्या मावशींना मशेरीची सवय असेल तर तीही तंबाखूच आहे. पत्नीने तिला हात लावू नये.

आता आपल्याकडचा खास धूर. दवाखान्यात महिन्याभराचं बाळ येतं. दुपटं उलगडलं की धुपाचा वास येतो. टाळूवर तेलात कालवलेलं वेखंड, गळ्याच्या वळ्यांत पावडरीचे पांढरे थर, आणि टॉर्च मारला की नाकपुडीत तेल चकाकतं. आजी सांगतात, "रोज न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी देतो हो, तरी सर्दी जात नाही." यातलं 'तरी' काढून तिथे 'म्हणून' घालायचं असतं, पण ते आजींना समजावणं हे एमडीच्या परीक्षेपेक्षा अवघड काम आहे. धुरी म्हणजे निखारा, आणि बंद न्हाणीघरात किंवा बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्याची शेगडी म्हणजे धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही. नाकात तेल सोडणं त्याहून वाईट. ते तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, आणि तो साध्या अँटिबायोटिकने हटत नाही. कापराची पुरचुंडी बाळाच्या जवळपासही नको, कारण कापूर पोटात गेला तर लहान मुलांना आकडी येते. मालिश खुशाल करा, न्हाऊ घाला, ऊन दाखवा. धुरी, नाकातलं तेल आणि पावडर एवढं वगळा. मावशींशी हे बोलणं बाळंतपणाआधीच उरकून घ्या. बाळ हातात आल्यावर कोण कुणाचं ऐकतं!

डासांच्या कॉइलचंही तेच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी घ्या. आणि दिवाळीत बाळाला नागगोळीपासून लांब ठेवा. दिसायला गरीब, पण पुण्याच्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा सगळ्यात जास्त सूक्ष्म कण तिनेच सोडले होते.

माहेरी घरामागे गोठा आहे आणि ती घाण बाळाला बाधेल का, असंही तुम्ही विचारलंय. गोठ्याला घाबरू नका. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी ब्रिटनमधल्या सतरा हजारांहून अधिक मुलांची माहिती पाहून दाखवलं की मोठ्या भावंडांच्या गर्दीत वाढलेल्या मुलांना परागांची ॲलर्जी कमी होते. पुढे युरोपात गोठ्याशेजारी वाढलेल्या मुलांमध्येही दमा आणि ॲलर्जी कमी दिसली, आणि आई गरोदरपणी गोठ्यात वावरत असेल तर तिच्या मुलांमध्येही. याचा अर्थ कच्चं दूध पाजायचं असा नाही. दूध उकळलेलंच, आणि वर्षाच्या आत वरचं दूध मुख्य अन्न म्हणून नाहीच. पण त्याच घरात चूल पेटत असेल, पाणी तापवायला बंब असेल, तर बाळ-बाळंतिणीची खोली त्यापासून लांबची निवडा. गोठा चालेल, चूल नको.

शेंगदाणे आणि अंडी पत्नीने खावीत. आईने पथ्य पाळून बाळाची ॲलर्जी टळते असं कुठल्याही चांगल्या अभ्यासात दिसलेलं नाही. गरोदर बाईची प्रथिनं मात्र हमखास कमी होतात. बाळाच्या बाबतीत तर जगाने पूर्ण कोलांटउडी मारली आहे. २००० साली अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगत होते की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००८ मध्ये त्यांनी तो सल्ला मागे घेतला. त्याच सुमारास लंडनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की इस्रायलमध्ये बाळं लहानपणापासून शेंगदाण्याचे कुरमुरीत खाऊ खातात आणि तिथे ही ॲलर्जी ब्रिटनमधल्या ज्यू मुलांच्या एक दशांशच आहे. मग त्यांनी तीव्र एक्झिमा (कातडी कोरडी, लाल होऊन खाजणं) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली, निम्म्यांना नियमित शेंगदाणा दिला, निम्म्यांचा पाच वर्षं बंद ठेवला. २०१५ मध्ये निकाल आला: बंद ठेवलेल्यांमध्ये १७ टक्क्यांना ॲलर्जी, खाणाऱ्यांमध्ये ३ टक्क्यांना.

आपल्या घरात हे सोपं आहे. सहा महिने फक्त आईचं दूध. त्याने छातीचे संसर्ग कमी होतात. मग उष्टावण झालं की मऊ भातात, पेजेत अगदी बारीक दाण्याचं कूट चिमूटभर, उकडलेलं अंडं कुस्करून, दही, गव्हाची खीर, एकेक करत. बाळाला अंगभर तीव्र एक्झिमा असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. कोरड्या, खाजऱ्या कातडीवर डाळीचं पीठ वगैरे चोळू नका. खाण्याची वस्तू पोटाआधी फाटक्या कातडीतून शरीराला भेटली तर ॲलर्जीची शक्यता वाढते, असं आता मानतात. आणि अख्खा शेंगदाणा चार-पाच वर्षांपर्यंत नाही म्हणजे नाही! तो श्वासनलिकेत अडकतो, एकाच बाजूची छाती वाजत राहते आणि मूल 'बालदमा' म्हणून महिनोन्महिने वाफ घेत बसतं.

सिझेरियन आणि पहिल्या वर्षातली अँटिबायोटिक्स यांचा दम्याशी संबंध दिसतो, पण तो लहान आहे आणि कारण-परिणाम पूर्ण सुटलेला नाही. गरज पडली तर सिझेरियन करा, मनाला लावून घेऊ नका. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मात्र मागू नका. लसी वेळेवर: न्यूमोकोकलची सरकारी कार्यक्रमातच मोफत मिळते, फ्लूची सहा महिन्यांनंतर. डांग्या खोकल्याची एक लस पत्नीला पुढे, शेवटच्या तिमाहीत घ्यायची असते.

घरात भिंतीला ओल असेल तर ती आत्ताच काढून घ्या. बुरशीच्या खोलीत वाढलेल्या मुलांची छाती जास्त वाजते. रंगही आत्ताच द्या. बारशाच्या आदल्या आठवड्यात ताज्या ऑइलपेंटच्या खोलीत बाळ झोपवायची हौस पुण्यात फार आहे. कबुतरांना डक्टमध्ये घरटं करू देऊ नका. गाजरगवताची काळजी तूर्त सोडा. भारतातली त्याची पहिली नोंद १९५६ मध्ये पुण्यातूनच झाली हा आपला मान खरा, पण परागांची ॲलर्जी जडायला काही वर्षं जावी लागतात.

एवढं करूनही पहिल्या दोन वर्षांत सर्दीबरोबर बाळाची छाती वाजू शकते. लगेच 'दमा आलाच' म्हणू नका. अमेरिकेत टूसॉनमध्ये १९८० ते १९८४ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. तीन वर्षांच्या आत ज्यांची छाती वाजली होती, त्यांतल्या सुमारे ६० टक्के मुलांचा त्रास सहाव्या वर्षापर्यंत थांबलेला होता. केळं-दह्याला दोष देण्यापेक्षा, बाळ शांत झोपलेलं असताना मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडत असला किंवा बाळ दूध ओढेना, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

राहिलं घर. मोठ्या महामार्गापासून साधारण ३०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात वाहनांचा धूर जास्त असतो आणि त्याचा मुलांच्या दम्याशी संबंध आहे, हे खरं. स्वतःचं घर असेल तर यासाठी विकू नका. बाळाची खोली रस्त्याच्या उलट बाजूची करा. हिवाळ्यात सकाळी आणि रात्री धूर खाली बसतो, तेव्हा रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवा आणि दुपारी उघडा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फोडणीपुरता नव्हे, गॅस पेटल्यापासून चालू ठेवा. पैसे असतील तर झोपायच्या खोलीत हेपा फिल्टरचा (हवेतले सूक्ष्म कण गाळणारा) प्युरिफायर चालेल. ओझोन सोडणारा घेऊ नका. भाड्याचं घर असेल, तर करार संपताना रस्त्यापासून अर्धा किलोमीटर आतलं बघा.