त्रिमितीय गुरुत्वाकर्षण खरंच गेज सिद्धांत आहे का?

तुमचा प्रश्न असा: तीन मितींत गुरुत्वाकर्षण म्हणजे चेर्न-सायमन्स सिद्धांतच (एक गेज सिद्धांत, म्हणजे ज्यात क्षेत्राचं वर्णन ठरावीक रीतीने बदललं तरी भौतिकी तीच राहते) असेल, तर चार मितींत तसं का जमत नाही?

तीन मितींत रीमन वक्रतेचे (अवकाशकालाच्या पूर्ण वक्रतेचे) घटक ६ आणि रिचीचेही (तिच्यातून बेरजेने काढलेल्या भागाचेही) ६च. आइनस्टाइनच्या समीकरणाने रिची ठरला की सगळी वक्रता ठरते, गुरुत्वलहरींना जागाच उरत नाही. चार मितींत २० विरुद्ध १०. चेर्न-सायमन्सचं समीकरणही 'गेज वक्रता शून्य' एवढंच सांगतं, म्हणून हे दोघे जुळतात.

ही जुळणी १९८६ मध्ये अचूकारो-टाउनसेंड यांनी आणि १९८८ मध्ये विटन यांनी मांडली. विश्वस्थिरांक (आइनस्टाइनच्या समीकरणातला, रिकाम्या अवकाशालाही वक्रता देणारा स्थिरांक) ऋण असेल तर एसएल(२,आर) या गटाच्या (निश्चयक १ असलेल्या २×२ वास्तव सारण्यांच्या) दोन प्रती घ्यायच्या: एकीत स्पिन कनेक्शन (शेजारच्या बिंदूंवरच्या चौकटी जोडणारं क्षेत्र) अधिक ड्रायबाइन (प्रत्येक बिंदूवरची, अंतरं ठरवणारी तीन दिशांची चौकट) भागिले अवकाशकालाची वक्रता-त्रिज्या, दुसरीत वजा. ज्या राशीतून सिद्धांताची समीकरणं निघतात ती अ‍ॅक्शन. दोन अ‍ॅक्शनची वजाबाकी केली की, सीमेवरचं पद सोडून, आइनस्टाइनची अ‍ॅक्शन हातात येते.

एक गणित मात्र वहीत स्वतः कराच. गेज क्षेत्राचा एखाद्या सदिशाच्या दिशेने ली विकलज (त्या दिशेने सरकताना होणारा बदल) काढा. त्याचे दोन तुकडे पडतात: एक निव्वळ गेज रूपांतर, दुसरा सदिश गुणिले वक्रता. वक्रता शून्य असली की दुसरा गळतो आणि निर्देशक बदलणं हेच गेज रूपांतर ठरतं. म्हणजे ही समानता समीकरणं पाळली तरच आहे.

चार मितींत आइनस्टाइनच्या अ‍ॅक्शनला दोन चौकटी (ड्रायबाइनचं चार मितींतलं रूप) आणि एक वक्रता असा गुणाकार लागतो. तो पॉइन्कारे गटाच्या (सपाट अवकाशकालाच्या सममितींच्या गटाच्या) स्थानांतरणांखाली अपरिवर्तित राहत नाही, गाडी तिथेच अडते.

पण तीन मितींतही 'सिद्धांतच' हा शब्द मला पटत नाही. गेज सिद्धांतात क्षेत्र सरसकट शून्य असणं अगदी साधी अवस्था आहे. गुरुत्वाकर्षणात मात्र मग ड्रायबाइनही शून्य, सगळी अंतरं शून्य, अवकाशकालच नाही! २००७ मध्ये खुद्द विटन यांनीच ही शंका मांडली.

हा फरक स्वच्छ दिसतो तो जाकिव-टाइटलबॉइम गुरुत्वात, म्हणजे दोन मितींतल्या गुरुत्वाच्या एका सोप्या प्रतिमानात. दोन भोकांच्या बंद पृष्ठावर पीएसएल(२,आर)च्या (एसएल(२,आर)च, फक्त सारणी आणि तिची ऋण सारणी एकच मानून) सपाट कनेक्शनांचे, म्हणजे वक्रता शून्य असलेल्या गेज क्षेत्रांचे, ५ सुटे भाग आहेत. खऱ्या हायपरबोलिक (सर्वत्र सारख्या ऋण वक्रतेच्या) भूमिती फक्त टोकाच्या दोन भागांत, दिशा उलटसुलट करून. मधले तीन गेज सिद्धांताला चालतात, गुरुत्वाकर्षणाला नाही.