‘नटरंग’पासून लोकसंगीताची गोडी लागली. नाशकात राहून पुढे काय ऐकू, कुठे ऐकू, आणि जुन्या रेकॉर्डची खरखर कशी सहन करू?

तुमच्या प्रश्नात मला तीन गाऱ्हाणी दिसली. ‘नटरंग’ची गाणी पाठ झाली, पण त्यामागचं जुनं ऐकायला गेलात की नुसती खरखर ऐकू येते. एका बैठकीच्या लावणीला गेलात, तर बाईंनी एकच ओळ दहादा म्हटली आणि तुम्ही मध्यंतरात उठून आलात. आणि नाशकात असलं काही होत असेल यावर तुमचा विश्वास नाही. तिसऱ्या गाऱ्हाण्याचा मला थोडा राग आला, म्हणून ते शेवटी घेतो.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. गाणं शिकलेलो नाही, सूर लावायला गेलो तर घरचे दार लोटून घेतात. पंचवटीत शिंपीकामाचं दुकान आहे. पाय मशीनवर, हात कापडावर, कान मोकळे. वडिलांच्या वेळेपासून दुकानात सकाळी रेडिओ सिलोन लागायचं. साडेसातच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं सैगलचं असे. सैगल संपला की आठ. वडील त्यावर घड्याळ लावायचे.

आता खरखर. यात निम्मा दोष रेकॉर्डचा नसतो, हे मी पदरचे पैसे घालवून शिकलो. एका गिऱ्हाइकाने दोन सफारींची शिलाई थकवली आणि वर्षभराने पैशांऐवजी रेकॉर्ड प्लेअर आणून टेकवला. मी खूश. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून गोणपाटात बांधलेल्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, जुन्या) रेकॉर्ड उचलल्या, लावल्या, आणि कढईत मुरमुरे भाजावेत तसा आवाज. माणूस गातोय की बाई, कळेना. पुढे एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने प्लेअरची सुई बघितली आणि हसला. ती सुई एलपीची, म्हणजे नंतर आलेल्या लांब वाजणाऱ्या रेकॉर्डची. 78 च्या रेकॉर्डची खाच एलपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन धुळीत घसटत राहते, गाणं असतं ते खाचेच्या भिंतींवर. 78 ची जाड सुई बसवली आणि त्याच रेकॉर्डमधून जुन्या काळच्या गायिका सुंदराबाई जाधव निघाल्या, अगदी समोर बसल्यासारख्या. (त्यातली एक पुढे माझ्याच हातून पडली. लाखेचा माल, सरळ दोन तुकडे. दुसरी उन्हात राहिली, तिचा पापड झाला.)

तुम्ही मोबाइलवर ऐकणार, तुम्हाला सुईचं काय, असं म्हणाल. पण मोबाइलवरचं गाणंही कुणीतरी कुठल्या तरी सुईने उतरवून घेतलेलं असतं. एकाच गाण्याच्या तीन-चार प्रती सापडतात, त्या ताडून बघा. एकीत आवाज पातळ आणि चढा लागतो, म्हणजे वेग चुकलाय. एकीत खरखर अजिबात नाही, पण आवाज रजईतून आल्यासारखा. डाग काढायच्या नादात कापडाचा रंगही उतरवला, तसं झालंय ते. थोडी खरखर असलेली पण शब्द टोकदार ऐकू येणारी प्रत घ्या आणि सलग चार दिवस तीच ऐका. पाचव्या दिवशी खरखर पावसासारखी मागे जाते.

दुसरी एक गोष्ट माहीत असली की जुनी रेकॉर्ड वेगळीच ऐकू येते. त्या तव्याच्या, म्हणजे 78 च्या रेकॉर्डच्या, एका बाजूला साधारण 3 मिनिटं मावत. रात्रभर चालणारं गाणं 3 मिनिटांत बसवायचं, म्हणजे पाच मीटरच्या कापडातलं दीड मीटर देऊन सदरा मागण्यासारखं. आपल्याकडे 1902 मध्ये पहिल्या रेकॉर्ड निघाल्या, त्यांत गायिका गौहरजान गाणं संपता संपता स्वतःचं नाव सांगतात. लोकांना तो ठसका वाटतो. पण रेकॉर्ड छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आणि तिथल्या कारागिराला कुठली रेकॉर्ड कुणाची हे कळावं म्हणून ते नाव. शिंपी कापडाच्या कोपऱ्यावर खडूने गिऱ्हाइकाची खूण करतो, तशी.

आणि या 3 मिनिटांचा राजा आपल्या नाशिकचा. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत रामनाम आधार आश्रम थाटला होता, आणि त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर 1921 मध्ये नाशकातच जन्मले. गेले 1955 मध्ये, अवघ्या 34 व्या वर्षी. त्यांचं भजन लावा, ‘ठुमक चलत रामचंद्र’ किंवा ‘चलो मन गंगा जमुना तीर’. घाईचा मागमूस नाही. 3 मिनिटांत एवढी ऐसपैस जागा त्यांना कुठून सापडते, याचा मी वीस वर्षं विचार करतोय. ‘बैजू बावरा’ (1952) मधली जुगलबंदी तुम्ही ऐकलीच असेल. त्यात अमीर खाँसाहेबांसमोर बैजूचा गळा आहे तो यांचा. इंद्रकुंडावरच्या पलुस्कर सभागृहासमोरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल!

‘नटरंग’पासून मागे जायला सिनेमाचीच वाट धरा, ती सोपी आहे. ‘पिंजरा’ (1972), त्यामागे ‘सांगत्ये ऐका’ (1959), त्यामागे ‘लोकशाहीर रामजोशी’ (1947). रामजोशीनंतर तमाशापटांची रीघच लागली. हे तीन पाहिलेत की पुढच्या पन्नास वर्षांतल्या निम्म्या लावण्यांचे आजी-आजोबा भेटतील. पण पाहताना एक खेळ करा: कुठलं गाणं खरोखर जुनं आणि कुठलं सिनेमासाठी शिवलेलं, ते ओळखा. भलेभले फसतात. ‘अमर भूपाळी’ (1951) मधलं ‘घनश्याम सुंदरा’ पंडितराव नगरकर आणि लताबाईंच्या आवाजात ऐकून सिनेमाचं गाणं वाटतं. ते पेशवाईतल्या शाहीर होनाजी बाळाचं आहे. उलट प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (1936) मधलं ‘आधी बीज एकले’ लोक तुकोबांचा अभंग म्हणून गातात. ते लिहिलं शांताराम आठवले यांनी, चाल केशवराव भोळ्यांची. मला स्वतःला ते कळलं तेव्हा वाईट वाटलं, मग दोन दिवसांनी उलट आनंद झाला. कालचा माणूस तुकोबांच्या मापाचं इतकं बेमालूम शिवतो की टीप दिसत नाही!

आता तुमची लावणी. तुम्ही तमाशाच्या फडावरची लावणी मनात धरून गेलात आणि समोर आली बैठकीची, तिथे घोळ झाला. फडाच्या लावणीत ढोलकी, पाय, शिट्ट्या, सगळं पळतं. बैठकीच्या लावणीत बाई बसून गाते, आणि ओळ तीच ठेवून अर्थ बदलते. ‘या बसा’ एवढेच शब्द धरा. एकदा आर्जव, एकदा रुसवा, एकदा टोमणा, एकदा ‘उशीर केलात’ आणि एकदा ‘आलातच कशाला’. हे चेहऱ्याने, बोटांनी, मानेने होतं, म्हणून पुढच्या रांगेत बसायचं असतं. तुम्ही बाल्कनीत होतात म्हणता, तिथून दहा वेळा तेच ऐकू येणारच. वाईच्या यमुनाबाई वाईकरांच्या बैठकीचं चित्रण मिळतं, ते मोठ्या पडद्यावर बघा, नुसतं ऐकू नका. याच्या उलट सुलोचना चव्हाण. त्यांना नुसतं ऐका. डोक्यावरचा पदर ढळू न देता, एका जागी उभं राहून, सगळा शृंगार फक्त उच्चारात. ‘तुझ्या उसाला लागंल कोल्हा’मधल्या ‘कोल्हा’वर त्या जे करतात ते कागदावर लिहिता येत नाही.

नाशकात काही होत नाही म्हणता?

सिन्नर तालुका घ्या. बावीचा शाहीर परशराम, पेशवाईच्या उत्तरकाळातला लावणीकार. धंद्याने शिंपी, म्हणून आमच्या दुकानात त्याचं नाव जरा जास्तच मानाने घेतलं जातं, तेवढा पक्षपात माफ करा. आणि त्याच तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक, जन्म 1922 चा. मोठेपणी अक्षरओळख झालेला हा माणूस बाबासाहेबांवर आयुष्यभर गाणी रचत गावोगाव फिरला आणि 2004 मध्ये नाशकातच गेला. ज्या काळाराम मंदिरासाठी 1930 चा सत्याग्रह झाला ते माझ्या दुकानापासून चालत जायच्या अंतरावर आहे. वामनदादांची गाणी सभागृहात ऐकू नका. 14 एप्रिलच्या आगेमागे वस्त्यांमध्ये गायन पार्ट्यांचे सामने लागतात, कव्वालीच्या थाटात, सवालाला जवाब. तिथे मागे उभे राहा. कोरस गाणाऱ्या पोरांना अख्खं गाणं पाठ असतं, आणि खुर्चीवरची आजी शब्द चुकला की हात वर करून थांबवते.

पौष महिना मोकळा ठेवा. पौर्णिमेला मालेगावजवळ चंदनपुरीला खंडोबाची यात्रा भरते. वाघ्या-मुरळीचं जागरण ऐकायचं तर तिथे, दिमडी आणि तुणतुणं यांच्या इतक्या जवळ बसून की ताल छातीत लागला पाहिजे. त्याच महिन्यात वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा. एकादशीच्या आदल्या रात्री जा. पायी आलेल्या दिंड्या टेकलेल्या असतात, पाय सुजलेले, आणि तरी कुठल्यातरी राहुटीत पखवाज घुमतोच. तिथल्या भजनात चुकणारा आवाजही सामावून घेतात. मी गायलोय तिथे, कुणी दार लोटून घेतलं नाही.

सिडको-सातपूरकडे खानदेशी मंडळी खूप. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांची कानबाई देवी घरोघरी बसते, तेव्हा अहिराणी गाणी ऐकायला मिळतील. ओळखीच्या घरी विचारून जा, रोटाचा प्रसादही मिळेल.

सर्वांत आतलं ऐकायचं तर सुरगाणा-पेठकडे. माझ्याकडे काज-बटण करायला सुरगाण्याचा एक मुलगा होता, त्याने मला एकदा थाळगान ऐकायला नेलं. काशाची थाळी, तिच्यात मेणाने उभी चिकटवलेली एक काडी. ती काडी बोटांनी वरून खाली ओढत राहायची, थाळी घुमते, आणि त्या एका घुमण्यावर माणूस रात्रभर कथा सांगतो. मला निम्मे शब्द कळले नाहीत. पहाटे तीनला लक्षात आलं की मी तिथून हललेलो नाही. मार्गशीर्षात त्या भागात आणि कळवण-बागलाणाकडे डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्यावर नाच चालतो. पण तो नवसाचा, व्रताचा उत्सव आहे. बोलावलं तर जा, विचारल्याशिवाय मोबाइल बाहेर काढू नका. आमच्या वेळी शहरातून आलेला एकजण दिवा पाडून चित्रण करत होता. त्याला कुणी काही बोललं नाही, पण गाणं थोडा वेळ थांबलं.

शहरातलं तर सोपं आहे. दिवाळी पाडव्याच्या पहाटे पिंपळपारावरची मैफल चुकवू नका, थंडीत शाल घेऊन साडेचारला जागा धरा. कालिदास कलामंदिराला आणि साईखेडकर नाट्यगृहाला वर्षभर काही ना काही असतं, पाटी बघत राहा. नाशिक ढोलाबद्दल विचारलं नाहीत, बरं झालं. पथकांचे कुर्ते मीच शिवतो, तेव्हा धंद्याविरुद्ध बोलू नये. पण शंभर ढोल एकदम वाजले की मला एकही ऐकू येत नाही.

घरबसल्या एक काम करा. ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आहे. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कितीतरी तिथे ऐकायला मिळतात. त्या नुसत्या बसून ऐकल्यात तर पुन्हा लांब वाटतील. हाताला काहीतरी काम घ्या, भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. जात्याचा फेरा आणि ओवीचा फेरा एकाच मापाचा असतो, तो हात हलत असताना समजतो. माझी आई ऐकताना नकळत मांडी हलवायची. जातं विकून तीस वर्षं झाली होती.

पंचवटीत कधी आलात तर दुकानात या. 78 ची सुई बसवलेलीच असते. फक्त दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून, तेव्हा मला सैगलही ऐकू येत नाही.