स्कॅनरवर काळ्या रेघा दिसल्या म्हणून चार दाढांत सिमेंट भरावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की आठ वर्षांच्या मुलाला सांगलीत दाखवलं, डॉक्टरांनी तोंडात स्कॅनर फिरवून चारही पक्क्या दाढांवरच्या काळ्या रेघा स्क्रीनवर दाखवल्या, पेनासारख्या लेझर यंत्राने आकडे काढले आणि चारही दाढा भरायला सांगितल्या. मुलाला दुखत काहीच नाही.

माझं मिरजेत क्लिनिक आहे आणि असाच स्कॅनर मीही वापरतो. दाढा न बघता भरा किंवा भरू नका, असं सांगणं बरोबर नाही. डॉक्टरांना काय विचारायचं, ते मात्र सांगतो.

स्कॅनर दातांच्या पृष्ठभागाची त्रिमितीय प्रतिमा तयार करतो. कॅप बसवायला किंवा वाकडे दात सरळ करायला तो फार उपयोगी आहे. पण दोन दाढा एकमेकींना चिकटतात तिथली कीड साध्या स्कॅनरला दिसत नाही, त्यासाठी बाइटविंग, म्हणजे दाढांच्या मधल्या जागा दाखवणारा छोटा एक्स-रे लागतो. लेझरच्या पेनाचा आकडा कीड असली की चढतो हे खरं, पण खाचेतला डाग, कीटण, अडकलेलं अन्न यांनीही तो चढतो. म्हणून दाढ साफ करून, हवेने कोरडी करून डोळ्यांनी बघितल्याशिवाय निव्वळ आकड्यावर ड्रिल लावू नये, असं माझं ठाम मत आहे. काळी रेघ कधी नुसता डाग असते, कधी थांबलेली कीड. कोरडी केल्यावर खडूसारखा पांढरा, खरखरीत डाग दिसला तर कीड चालू आहे. पण खड्डा पडलेला नसेल तर ती फ्लोराइडने परतवता येते. खड्डा पडला असेल तर भरावंच लागेल, तिथे चालढकल नको.

आता खरा मुद्दा. यंत्र आजचा दात दाखवतं. वर्षभरात नवी कीड लागेल का, हे मुलाच्या दिनक्रमावरून कळतं. सगळ्यात मोठी खूण म्हणजे आधीची कीड. त्याच्या दुधाच्या दाढा किडल्या होत्या का? ब्रश कोण करून देतं? दम्याचं किंवा दुसरं कुठलं गोड सिरप रोज चालू आहे का? तोंड सतत कोरडं पडतं का? स्वीडनमध्ये माल्मोला १९९०च्या दशकात ‘कॅरिओग्राम’ नावाचा संगणक प्रोग्रॅम तयार झाला, तो अशाच उत्तरांवरून रंगीत वर्तुळ काढतो. त्यातला हिरवा भाग म्हणजे नवी कीड टळण्याची शक्यता. तुमच्या डॉक्टरांकडे तो नसला तरी हे प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, दहा मिनिटं लागतात.

खाण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. गोड खाल्लं की काही मिनिटांत दातावरच्या थरात आम्ल तयार होतं, त्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५च्या खाली जातो आणि दातातले क्षार विरघळू लागतात. लाळेला तो परत वर आणायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. त्यामुळे किती गोड खाल्लं याच्याइतकंच किती वेळा खाल्लं, हे महत्त्वाचं. तुम्ही तासगावच्या, घरचे बेदाणे मूल येता-जाता तोंडात टाकत असणार. बेदाणे पौष्टिक म्हणून आपण काही बोलत नाही, पण ते खाचेत चिकटून बसतात. ते जेवणासोबत द्या. गुऱ्हाळावरचा ताजा गूळ, काकवी, शाळेच्या डब्यातली क्रीमची बिस्किटं, सगळ्यांना हाच नियम. बंद करू नका, वेळ ठरवा.

पेस्ट १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपास फ्लोराइडची घ्या. मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, ट्यूबवर वाचा. रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करून द्या. नंतर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. धोका जास्त निघाला तर दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांकडून फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप, आणि खड्डा नसलेल्या खोल खाचांना सीलंट, म्हणजे खाच बंद करणारा पातळ थर.

दुसरं मत हवं असेल तर सांगलीतलं भारती विद्यापीठाचं किंवा कवलापूरचं वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज आहे. तिथे लहान मुलांच्या दातांच्या विभागात दाखवा. जाताना स्कॅनची फाइल मागून घ्या, तो तुमचाच रेकॉर्ड आहे. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला की रेघ वाढली का, ते शेजारी ठेवून बघता येतं.

धाकटी चार वर्षांची आहे म्हणालात. तिलाही त्याच दिवशी न्या. घरात एकाला कीड असली की दुसऱ्याचे दातही तपासावेत. तिला पेस्ट वाटाण्याएवढीच.