ओढा, तलाव आणि माळ : नगररचनेची प्रश्नोत्तरे

सोलापुरात विजापूर रोडला प्लॉट घेतोय. कडेचा ओढा कोरडाच असतो, पाइप टाकून बुजवून देतो, असं एजंट म्हणतो. घेऊ का?

एजंटच्या शब्दावर नको. इसार देण्याआधी नगररचना विभागातून झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे त्याचा) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा, मोजणी मागवा, कागद वकिलाला दाखवा.

हिप्परगा तलावाला पाणथळ कायद्याचं संरक्षण आहे ना? व्हॉट्सॲपवर आलं होतं.

व्हॉट्सॲपवर काय येत नाही! सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव 2017 च्या पाणथळ नियमांनी वगळलेत आणि हिप्परगा, म्हणजे एकरुख तलाव, इंग्रजांनी सिंचनासाठीच बांधला. त्यामुळे काठावर बांधकाम रोखायचं तर विकास आराखड्यात बांधकाम नसलेला पट्टा दाखवून घ्यायला हवा. पाटबंधारे खात्याशीही बोला.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याजवळच्या गावचा सरपंच आहे. माळढोक पक्षी आता दिसतच नाही. गायरान पडीक आहे, झाडं लावू का?

सरपंच, थांबा. हा प्रश्न दर पावसाळ्यापूर्वी येतो आणि दरवेळी खड्डे आधीच खणलेले असतात. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, लिहिलं की जमीन रिकामी वाटते. त्याच कुसळी गवताच्या माळावर काळवीट चरतं, लांडगा पिल्लं वाढवतो, धाविक पक्षी उघड्यावर अंडी घालतो. माळढोकही जमिनीवरच घालतो, बहुधा एकच अंडं. त्याला शत्रू लांबून दिसावा लागतो. तिथे ग्लिरिसिडियाच्या झाडांच्या रांगा लावल्या की पर्यावरणाच्या नावानं त्याचं घर मोडलं. मेंढरांचा चाराही गेला.

2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तुमच्याकडे जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि गावातल्या जीवसृष्टीची लोक जैवविविधता नोंदवही हवी. ती उघडून बघा. ठेकेदारानं शेजारगावची नक्कल मारली असेल, तर आंबा, पिंपळ, चिमणी एवढंच सापडेल. मेंढपाळांना बसवून गवतं, विणीच्या जागा, पाणवठे गट नंबरासह लिहून घ्या. मग ग्रामसभेचा ठराव करा : या गटांत रोपवन नाही, चर नाहीत, मुरूम उपसा नाही. अभयारण्याभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरवणं केंद्राच्या हातात आहे, ग्रामपंचायतीच्या नाही. म्हणून ठरावाचा मसुदा वनविभागाला आधी दाखवा.

सोसायटीतला पिंपळ तोडायचाय. कुणाला विचारायचं?

महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला. करवत आणण्याआधी.

विकास आराखड्यावर हरकत कधी घ्यायची?

प्रारूप, म्हणजे आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध झाल्यावर, नोटिशीतल्या मुदतीत. लेखी द्या, गट नंबर आणि नकाशा जोडा, पोच घ्या. मंजुरीनंतर मोर्चे निघतात. तेव्हा फेरबदलाची लांबलचक प्रक्रियाच उरते आणि तोवर ओढ्यावर स्लॅब पडतो. नकाशा वाचता येत नसेल तर नगररचनाकाराला गाठा, पण याच आठवड्यात.