वाटी पुन्हा सरकेल का, आणि त्यासाठी ठेव आजच मोडावी का?

आपण सांगलीहून लिहिले आहे की, खो-खोच्या सरावात खांबाला वळसा घेताना आपल्या बारा वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकली आणि महिना उलटला तरी ती जिना उतरताना कठडा सोडत नाही. पुढे शस्त्रक्रिया लागली तर 1 लाख 80 हजार रुपये खर्च येईल असे आपल्याला सांगण्यात आले आहे. तिच्या शिक्षणासाठी ठेवलेली, चौदा महिन्यांनी पूर्ण होणारी 4 लाखांची मुदत ठेव त्यासाठी आत्ताच मोडावी की नवा आरोग्यविमा घ्यावा, हा आपला प्रश्न आहे.

माझे मत असे की, वाटी पुन्हा सरकण्याची शक्यता किती हे कळेपर्यंत ठेवीला हात लावू नये. पहिल्यांदा वाटी निखळलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना हा त्रास पुन्हा होतो. पण ही सरासरी आहे, आपल्या मुलीचा आकडा नव्हे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चार गोष्टी धोक्याच्या ठरल्या: मांडीच्या हाडावरची, वाटी जिच्यातून सरकते ती खाच उथळ असणे, हाडांची वाढ अजून सुरू असणे, वाटी नेहमीपेक्षा बरीच वर बसलेली असणे आणि दुसऱ्या गुडघ्याची वाटीही पूर्वी निखळलेली असणे. यांपैकी तीन असतील तर शक्यता सुमारे 75 टक्के आणि चारही असतील तर 88 टक्के निघाली. बाराव्या वर्षी वाढ सुरू असणारच, म्हणजे एक गोष्ट बहुधा आहेच. उरलेल्या तिन्हींची उत्तरे क्ष-किरण चित्र, एमआरआय आणि आपली स्वतःची आठवण यांतून मिळतील. म्हणून पहिला खर्च एमआरआयचा करावा. हाडाचा किंवा कूर्चेचा तुकडा सांध्यात सुटला आहे का हेही त्यातच दिसते, आणि तसा तुकडा असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय लगेच घ्यावा लागू शकतो.

येथे एक हिशेब फसवा आहे. एक तृतीयांश शक्यता म्हणून 60 हजार बाजूला काढले की भागले, असे विमा कंपनी म्हणू शकते, कारण तिच्याकडे हजारो गुडघे असतात. आपल्या घरात मात्र खर्च एकतर शून्य असेल किंवा पूर्ण 1 लाख 80 हजार. तेव्हा तयारी पूर्ण रकमेचीच हवी, पण ती रक्कम आज मोकळी करून ठेवण्याची गरज नाही. वेळ आलीच तर त्याच बँकेतून ठेवतारण कर्ज मिळते, ज्याचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच अधिक असतो, आणि ठेव मुदतीपर्यंत व्याज मिळवत राहते.

नवा विमा जरूर घ्यावा, मात्र या गुडघ्यासाठी म्हणून नव्हे. आधीपासूनच्या आजाराला 36 महिन्यांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो, आणि प्रस्ताव अर्जात ही दुखापत लपवली तर पुढचा दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. ती स्पष्ट लिहावी, हे मी कळकळीने सांगतो.

पत्नीच्या कंपनीचा 3 लाखांचा गट-विमा आहे, हे आपण शेवटी ओझरते लिहिले आहे. मला पत्रातली सर्वांत मोलाची ओळ तीच वाटली. अशा अनेक विम्यांत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. मुलीचे नाव त्यात नोंदवले आहे का, याची या आठवड्यातच लेखी खात्री करून घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, सांगू शकतील.

फिजिओथेरपीचा खर्च बहुतेक विम्यांत मिळत नाही, तो महिन्याच्या पगारातूनच करावा लागेल; त्यासाठी काही महिने एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) थांबवावी लागली तरी चालेल, पण मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम पैशासाठी अर्धवट सोडू नयेत. एमआरआयचा अहवाल आणि गट-विम्याचे उत्तर हाती आले की मला पुन्हा लिहावे. ठेवतारण कर्ज किती आणि केव्हा घ्यायचे, ते तेव्हा आकड्यांनिशी ठरवू.